नव्या संगणकावर जुनी मांडणी : हेतू, इतिहास आणि कृती

(बी. ए. द्वितीय वर्ष, मु. बिरसी, जि. गोंदिया)

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ या कार्यप्रणालीचा नियमित आधार थांबविला. कार्यप्रणाली म्हणजे संगणक सुरू केल्यापासून बंद करीपर्यंत त्याचा सारा कारभार सांभाळणारी मूळ आज्ञावली. बोलताना आपण तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतो. आता दुकानांतून, कार्यालयांतून आणि शाळा-महाविद्यालयांतून जुने संगणक एकेक करून हटत आहेत आणि त्यांच्या जागी ‘विंडोज ११’ असलेले नवे येत आहेत. यंत्र नवे, वेगवान आणि देखणे असते. परंतु त्याच्यासमोर बसणारा माणूस तोच असतो. आणि सवयीने त्याचा हात जेथे जातो, तेथे त्याला हवी असलेली वस्तू सापडत नाही.

हा विषय विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याने हाताळावा, कला शाखेच्या विद्यार्थ्याचा त्याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, हा प्रश्न यंत्राचा कमी आणि सवय, स्मरण व भाषा यांचा अधिक आहे. घरातून महाविद्यालयात येणारा मी पहिलाच. संगणकाविषयी अडले तर घरी विचारावे असे कोणी नव्हते. त्यामुळे मांडणी बदलली की काय हरवते, हे मला जवळून दिसले आहे. प्रस्तुत लेखात मेनू ही वस्तू मुळात काय आहे, ती वारंवार का बदलली, आणि नव्या प्रणालीवर जुनी मांडणी परत कशी आणावी, याचा क्रमाने विचार केला आहे.

१. मेनू म्हणजे जागेची आठवण

‘मेनू’ हा शब्द मूळचा फ्रेंच. बारीकसारीक तपशिलांची यादी असा त्याचा अर्थ. उपाहारगृहात जसा पदार्थांचा मेनू, तसा संगणकावर करता येण्याजोग्या कामांचा मेनू. त्यापूर्वी संगणकाला काम सांगायचे तर आज्ञेचे शब्द पाठ करून अक्षर न् अक्षर टंकित करावे लागे. झेरॉक्स कंपनीचा ‘स्टार’ (१९८१), ॲपल कंपनीचे ‘लिसा’ (१९८३) आणि ‘मॅकिंटॉश’ (१९८४) या संगणकांनी चित्रे, खिडक्या आणि मेनू यांची पद्धत रूढ केली. आज्ञा आठवण्याची गरज संपली. समोर दिसलेली आज्ञा ओळखणे पुरेसे झाले.

पण ओळखणे म्हणजे तरी काय? ज्याला इंग्रजी सहज वाचता येते, तो मेनूतील शब्द वाचून ओळखतो. ज्याला ते सहज येत नाही, तो जागा ओळखतो. आपल्या स्वयंपाकघरात फळीवर डबे ओळीने लावलेले असतात. हळद कोणत्या डब्यात आणि जिरे कोणत्या डब्यात, हे घरातली बाई चिठ्ठी वाचून ठरवीत नाही. वीज गेली तरी तिचा हात बरोबर त्याच डब्यावर जातो. दुसऱ्या कोणी येऊन डबे पुसले आणि ‘सुंदर दिसावेत’ म्हणून निराळ्या क्रमाने मांडले, तर डबे तेवढेच असूनही स्वयंपाक अडतो.

आमच्या गावाकडे माझी एक चुलत वहिनी लोकांचे ऑनलाइन अर्ज भरण्याचे काम करते. दाखले, शिष्यवृत्ती, धानाच्या विक्रीची नोंदणी असे तिचे काम. शिक्षण मराठी माध्यमातून दहावीपर्यंत. लग्नानंतर तिने एम. एस. सी. आय. टी. केली. तिचे काम पाहून मला हे जागेचे गणित उमगले. “स्टार्ट दाबायचे, वरून तिसरे, मग उजवीकडे, मग खालून दुसरे,” अशी तिची वाट होती. त्या वाटेवरचे शब्द तिने वाचलेले होते खरे. पण काम शब्दांवर चालत नव्हते, मोजणीवर चालत होते. यंत्र बदलले तेव्हा बसवून देणारा माणूस “सवय होईल” एवढे बोलून निघून गेला. पुढचे काही दिवस एकेका अर्जाला दुप्पट वेळ लागला आणि रांगेतली माणसे दुसरीकडे गेली. “भाऊजी, मला येत होतं ते सगळं गेलं का?” असे तिने मला विचारले. तिला येत होते ते कोठेही गेलेले नव्हते. फक्त फळीवरचे डबे हलले होते.

आणखी एक गोष्ट आहे. आपल्यापैकी पुष्कळांनी संगणक वहीतून शिकला. वर्गात सरांनी सांगायचे आणि आपण लिहून घ्यायचे : ‘पडद्याच्या डाव्या बाजूस खालच्या कोपऱ्यात स्टार्टचे बटन आहे, त्यावर क्लिक करा.’ ही वही पुढे धाकट्या भावंडाकडे, शेजाऱ्याकडे जाते. ज्या घरात विचारायला कोणी नाही, त्या घरात ही वही हाच मार्गदर्शक. मांडणी बदलली की वही खोटी ठरते. आणि वही खोटी ठरली की नवशिक्याला वाटते, चूक आपलीच आहे.

२. मांडणी बदलण्याचा आणि परत येण्याचा इतिहास

जुना स्टार्ट मेनू २४ ऑगस्ट १९९५ रोजी ‘विंडोज ९५’ बरोबर आला. तो कोणाच्या लहरीतून आलेला नव्हता. त्याआधीच्या ‘विंडोज ३.१’ मध्ये ‘प्रोग्रॅम मॅनेजर’ नावाच्या खिडकीतून कामे सुरू करावी लागत. कंपनीने नवशिक्या माणसांना संगणकापुढे बसवून निरीक्षण केले, तेव्हा त्यांची अडचण कळली. दोनदा झटपट क्लिक करणे त्यांना जमत नव्हते. आणि एक खिडकी दुसरीमागे गेली की ती नाहीशी झाली असे त्यांना वाटे. म्हणून एकाच क्लिकने उघडणारे, नेहमी दिसणारे, ‘येथून सुरुवात करा’ असे सांगणारे बटन कोपऱ्यात ठेवण्यात आले. आणि उघड्या खिडक्यांची नावे दाखविणारी पट्टी, म्हणजे टास्कबार, खाली आली. हा मुद्दा महत्त्वाचा आहे. जुनी मांडणी केवळ जुनी म्हणून चांगली नव्हे. ती नवशिक्यांकडे पाहून घडविलेली होती, म्हणून ती टिकली.

२००१ साली ‘विंडोज एक्सपी’ मध्ये मेनू दोन स्तंभांचा झाला. परंतु ज्यांना एका स्तंभाचा जुना हवा असेल त्यांच्यासाठी ‘क्लासिक’ हा पर्याय ठेवलेला होता. नवे द्यावे पण जुने हिरावू नये, असे हे धोरण. २००९ च्या ‘विंडोज ७’ मध्ये हा पर्याय काढण्यात आला. त्याच वर्षी इव्हो बेल्चेव्ह नावाच्या प्रोग्रॅमरने ‘क्लासिक शेल’ ही आज्ञावली तयार करून मोफत दिली. ती बसविली की नव्या प्रणालीवर जुना मेनू दिसे.

ऑक्टोबर २०१२ मध्ये ‘विंडोज ८’ आली आणि स्टार्टचे बटनच नाहीसे झाले. बोटाने स्पर्श करून चालविण्याच्या पडद्यांचा काळ आला आहे, असे धरून कंपनीने मेनूऐवजी संपूर्ण पडदाभर रंगीत चौकोन मांडले. परंतु घरोघरी आणि कार्यालयांतून तर उंदीर आणि कळफलकच होते! लोकांची मोठी नाराजी झाली आणि ‘क्लासिक शेल’ चा प्रसार वाढला. २०१३ च्या ‘विंडोज ८.१’ मध्ये बटन परत आले; २०१५ च्या ‘विंडोज १०’ मध्ये मेनूही परत आला. डिसेंबर २०१७ मध्ये बेल्चेव्ह यांनी आपले काम थांबविले, पण जाताना मूळ संहिता सर्वांना खुली करून गेले. स्वयंसेवक प्रोग्रॅमरांनी ती पुढे चालविली. तिचेच आजचे नाव ‘ओपन-शेल’.

लिनक्स या मुक्त प्रणालीतही असाच प्रसंग आला. एप्रिल २०११ मध्ये ‘ग्नोम ३’ ने तेथील परिचित मेनू बदलले. तेव्हा अर्जेंटिनातील एका वापरकर्त्याने जुन्या ‘ग्नोम २’ ची संहिता घेऊन ‘माते’ नावाची मांडणी सुरू केली. दक्षिण अमेरिकेतील एका पेयवनस्पतीचे नाव तिला दिले आहे. ती आजही वापरात आहे.

ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘विंडोज ११’ आली. तिच्यात स्टार्टचे बटन कोपऱ्यातून उठून पट्टीच्या मध्यभागी गेले, कार्यक्रमांची पूर्ण यादी आणखी एका बटनामागे गेली, उजव्या क्लिकचा मेनू आखूड झाला, आणि उघड्या खिडक्यांची नावे जाऊन नुसती चित्रे राहिली. पट्टीवरील नावे लोकांच्या आग्रहामुळे २०२३ साली पर्याय म्हणून परत देण्यात आली. या सर्व इतिहासातून एकच गोष्ट दिसते : वापरणाऱ्यांनी मागणी केली तेव्हा जुने परत मिळाले आहे, आणि कंपनीने दिले नाही तेव्हा कोणीतरी ते स्वतः बांधले आहे.

३. कोपऱ्याचे महत्त्व

‘डावीकडे काय आणि मध्ये काय, एक क्लिकच तर आहे,’ असे म्हटले जाते. वस्तुतः येथे एक शास्त्रीय नियम आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ साली असे मांडले की, एखाद्या लक्ष्यापर्यंत हात पोचण्यास लागणारा वेळ त्या लक्ष्याच्या अंतरावर आणि आकारावर अवलंबून असतो. लक्ष्य जवळ आणि मोठे असेल तर वेळ कमी; दूर आणि लहान असेल तर अधिक. आता पडद्याचा कोपरा पाहा. उंदीर कितीही जोरात खाली-डावीकडे ढकलला तरी बाण कोपऱ्यातच जाऊन थांबतो. त्यापलीकडे तो जाऊच शकत नाही. म्हणजे कोपऱ्यातील बटन दिसायला लहान असले तरी हाताच्या दृष्टीने फार मोठे असते. डोळे कागदावर ठेवूनही ते सापडते. मध्यभागीच्या बटनावर मात्र नेम धरून थांबावे लागते.

यात आणखी एक अडचण आहे. मध्यभागी मांडलेल्या पट्टीवर जसजसे नवे कार्यक्रम उघडावेत, तसतशी चित्रांची रांग दोन्ही बाजूंना पसरते आणि स्टार्टचे बटन डावीकडे सरकते. सकाळी ते एका जागी, दुपारी दुसऱ्या जागी. जो जागा पाठ करून काम करतो, त्याच्या पायाखालची जमीनच सरकली म्हणायची.

आमच्या बिरसीत याचे एक उत्तम उदाहरण आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी येथे धावपट्टी बांधली. आज तोच गोंदियाचा विमानतळ. येथे वैमानिकांचे प्रशिक्षण चालते आणि शिकाऊ वैमानिकांची लहान विमाने आमच्या बांध्यांवरून घिरट्या घालताना दिसतात. विमानातील मुख्य उपकरणांची मांडणी जगभर ठरलेली आहे : मधोमध क्षितिज दाखविणारे उपकरण, त्याच्या डाव्या बाजूस वेग, उजव्या बाजूस उंची, आणि खाली दिशा. पूर्वी या जागी काट्यांच्या गोल तबकड्या असत. आता त्यांच्याऐवजी संगणकाचा पडदा आला. तरीही त्या पडद्यावर वेग डावीकडेच, उंची उजवीकडेच आणि दिशा खालीच दाखविली जाते. तंत्र पूर्ण बदलले. जागा बदलली नाही. कारण तेथे जागा बदलण्याची किंमत माणसाच्या जिवाने मोजावी लागते. महायुद्धातच अमेरिकेच्या ‘बी-१७’ विमानांत चाकांची कळ आणि पंखांच्या झडपांची कळ शेजारी-शेजारी व एकसारखी असल्याने वैमानिक जमिनीवर उतरल्यावर भलतीच कळ ओढीत. १९४३ च्या सुमारास आल्फॉन्स चॅपॅनिस या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिले की दोष वैमानिकांचा नसून मांडणीचा आहे. चाकाच्या कळीला चाकासारखी मूठ लावताच प्रश्न मिटला.

मराठी टंकलेखनातही आपण हा धडा गिरविला आहे. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये भारतीय लिप्यांसाठी ‘इन्स्क्रिप्ट’ हा शास्त्रशुद्ध कळक्रम ठरविला. परंतु टंकलेखन यंत्रावर शिकलेल्या असंख्य लोकांच्या बोटांत जुना, रेमिंग्टन म्हणून ओळखला जाणारा क्रम मुरलेला होता. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने आपल्या मराठी आज्ञावलीत दोन्ही क्रम ठेवले. नव्याने शिकणाऱ्याने इन्स्क्रिप्ट घ्यावा, जुन्याने आपला क्रम चालू ठेवावा. यंत्र गेले, पण यंत्रावर बोटांनी केलेली मेहनत वाया गेली नाही. संगणकाच्या मेनूविषयी माझे मागणे याहून निराळे नाही.

४. प्रत्यक्ष कृती

खालील कृती ‘विंडोज ११’ साठी आहे. पहिल्या पाच पायऱ्यांसाठी बाहेरून काहीही आणावे लागत नाही आणि त्या केव्हाही उलट फिरविता येतात. नवशिक्याने तेवढ्याच कराव्यात.

पहिली पायरी – बटन कोपऱ्यात आणणे. खालच्या पट्टीवर रिकाम्या जागी उजवी क्लिक करावी. ‘टास्कबार सेटिंग्ज’ निवडावे. तळाशी ‘टास्कबार बिहेव्हिअर्स’ हा विभाग उघडावा. त्यात ‘टास्कबार अलाइनमेंट’ समोर ‘सेंटर’ असे असते, तेथे ‘लेफ्ट’ निवडावे. बटन लगेच डाव्या कोपऱ्यात येते. एवढ्या एका पायरीनेच निम्मी अडचण दूर होते.

दुसरी पायरी – खिडक्यांची नावे परत आणणे. त्याच विभागात पट्टीवरील बटने एकत्र करून नावे लपविण्याविषयी एक पर्याय आहे. तेथे ‘नेव्हर’ निवडावे. मग प्रत्येक उघड्या खिडकीचे नाव चित्राशेजारी दिसते. एकाच वेळी चार अर्ज उघडून काम करणाऱ्यास याचा फार उपयोग होतो.

तिसरी पायरी – गर्दी कमी करणे. त्याच पानावर वरच्या भागात ‘सर्च’, ‘टास्क व्ह्यू’ व ‘विजेट्स’ अशी नावे आहेत. जे वापरात नाही ते बंद करावे. पट्टी मोकळी झाली की हवे ते पटकन सापडते.

चौथी पायरी – ‘माय कॉम्प्युटर’ पडद्यावर आणणे. या चित्राचे नाव काळाप्रमाणे बदलत गेले : एक्सपीपर्यंत ‘माय कॉम्प्युटर’, नंतर ‘कॉम्प्युटर’, आता ‘धिस पीसी’. वस्तू तीच. ‘सेटिंग्ज’ मधून ‘पर्सनलायझेशन’, तेथून ‘थीम्स’ आणि मग ‘डेस्कटॉप आयकॉन सेटिंग्ज’ येथे जावे. ‘कॉम्प्युटर’ समोर खूण करून ‘ओके’ म्हणावे. ‘कंट्रोल पॅनेल’ साठीही तेथेच खूण करता येते.

पाचवी पायरी – उजव्या क्लिकचा पूर्ण मेनू. एखाद्या फाइलवर उजवी क्लिक केली की आता आखूड मेनू येतो. तळाच्या ‘शो मोअर ऑप्शन्स’ वर क्लिक केले की जुना पूर्ण मेनू उघडतो. किंवा फाइल निवडून शिफ्ट आणि एफ-१० या कळा एकत्र दाबाव्यात. कायमचा बदल करण्यासाठी प्रणालीच्या नोंदवहीत, म्हणजे ‘रजिस्ट्री’ मध्ये, फेरफार करावा लागतो. जाणकार शेजारी असल्याशिवाय ते करू नये.

सहावी पायरी – जुना स्टार्ट मेनू. वरील बदलांनंतरही स्टार्ट दाबल्यावर उघडणारा मेनू नवाच राहतो. तोही जुना हवा असेल तर ‘ओपन-शेल’ बसवावे लागते. ती मोफत आहे. तिच्या ‘गिटहब’ वरील मूळ पानावरूनच ती उतरवून घ्यावी. बसविताना तिचे अनेक भाग विचारले जातात. त्यांपैकी केवळ मेनूचा भाग घ्यावा, बाकीचे वगळावेत. नंतर तीन प्रकार समोर येतात : एका स्तंभाचा जुना, दोन स्तंभांचा जुना, आणि ‘विंडोज ७’ सारखा. ज्याने ‘विंडोज ७’ वर शिक्षण घेतले त्याने तिसरा निवडावा. कंपनीचा मूळ मेनू पाहायचा झाल्यास शिफ्ट दाबून स्टार्टवर क्लिक करावे. म्हणजे नवेही गमावले जात नाही.

याखेरीज दोन सोयी सांगण्यासारख्या आहेत. पहिली, लेखन-हिशेबाच्या कार्यक्रमांची. ‘ऑफिस २००७’ पासून तेथील मेनू जाऊन चित्रांची रुंद पट्टी आली. परंतु ‘लिबरऑफिस’ या मोफत संचात फाइल, एडिट, व्ह्यू असा जुना मेनू आजही मिळतो. दुसरी, कळफलकाची. विंडोजच्या कळेबरोबर ‘ई’ दाबले की फाइलींची खिडकी, ‘डी’ दाबले की मोकळा पडदा, ‘आर’ दाबले की आज्ञा देण्याची चौकट, हे वर्षानुवर्षे बदललेले नाही. मेनू हलतात, कळा हलत नाहीत. म्हणून माझी सूचना अशी की, वहीत जागांबरोबर या कळाही लिहून ठेवाव्यात. पुढच्या बदलात तेवढा भाग तरी खरा राहील.

५. सावधगिरी

ऑगस्ट २०१६ मध्ये एक प्रकार घडला. ज्या संकेतस्थळावरून लोक ‘क्लासिक शेल’ उतरवून घेत, तेथे काही चोरट्यांनी शिरून खऱ्या फाइलीच्या जागी घातक फाइल ठेवली. ती बसविणाऱ्यांचे संगणक सुरूच होईनात. दोष त्या आज्ञावलीचा नव्हता; तिच्या वेषात आलेल्याचा होता. म्हणून ‘जुना मेनू मोफत’ असे सांगणाऱ्या कोणत्याही पानावरून काही उतरवू नये.

दुसरे असे की, महाविद्यालयाच्या, बँकेच्या वा कोणत्याही कार्यालयाच्या संगणकावर परवानगीवाचून नवी आज्ञावली बसवू नये. तो संगणक एकट्याचा नसतो. आपली सोय ती दुसऱ्याची गैरसोय होऊ शकते.

तिसरी आणि सर्वांत मोठी गोष्ट : मेनू आवडत नाही म्हणून जुन्या प्रणालीवरच राहणे हा उपाय नव्हे. आधार थांबलेल्या प्रणालीतील भोके बुजविली जात नाहीत. ज्या संगणकावर लोकांचे आधार क्रमांक आणि बँकेची खाती टंकित होतात, त्यावर असा धोका पत्करणे योग्य नाही. घराचा पाया नवा घ्यावा. फळीवरचे डबे मात्र आपल्या क्रमाने लावावेत.

६. एक आक्षेप आणि त्याचे उत्तर

काही मित्र म्हणतात, हे सारे मागे पाहणे आहे. जग पुढे चालले आहे, नवे शिकावे, जुन्याला कवटाळू नये. या म्हणण्यात तथ्य आहे. आज प्रथमच संगणकासमोर बसणाऱ्या मुलाला जुना मेनू शिकविण्याचे काही कारण नाही. त्याला नवाच सोपा वाटेल. नव्या मांडणीतही गुण आहेत. विंडोजची कळ दाबून कार्यक्रमाच्या नावाची दोन-तीन अक्षरे टंकित केली की तो समोर येतो. यादी शोधत बसावे लागत नाही. मीही असेच करतो.

परंतु हे करण्यासाठी कार्यक्रमाचे नाव इंग्रजी अक्षरांत ठाऊक असावे लागते. येथेच प्रश्नाचे मूळ आहे. नवी मांडणी शब्दावर उभी आहे आणि जुनी जागेवर. शब्द ज्याच्या भाषेतला, त्याला नवी सोपी. शब्द ज्याला परका, त्याचा आधार जागा. ‘विंडोज’ मध्ये मराठी भाषेचा संच घालून मेनूतील शब्द मराठीत करता येतात, हे खरे. पण ज्या संगणकांवर एकभाषी आवृत्ती असते तेथे ही सोय चालत नाही, आणि पुष्कळांना ती आहे हेच ठाऊक नसते. तेव्हा ‘नवे शिका’ हा उपदेश सर्वांना सारखाच लागू पडत नाही. ज्याच्या घरी तीन पिढ्यांचे शिक्षण आहे, त्याला दोन दिवसांची अडचण होते. ज्याने रोजंदारी बुडवून संगणक शिकला, त्याला आपली सारी कमाई बुडाल्यासारखी वाटते.

मांडणी बदलण्याचा अधिकार बनविणाऱ्याला आहे, हे मला मान्य आहे. परंतु जुनीचा पर्याय शेजारी ठेवणे हे त्याचे कर्तव्य आहे. ‘एक्सपी’ ने तो ठेवला होता. तेव्हा हे अशक्य होते असे कोणी म्हणू शकणार नाही.

समारोप

तात्पर्य, जुना मेनू परत आणणे म्हणजे प्रगतीला विरोध नव्हे. मिळविलेले ज्ञान नव्या यंत्रावर सोबत नेण्याचा तो एक मार्ग आहे. वहिनीच्या संगणकावर पहिल्या चार पायऱ्या करून दिल्या. सहावीची गरज पडली नाही. आता ती नव्या मेनूतल्याही दोन-चार गोष्टी वापरू लागली आहे. पाय टेकायला ओळखीची जागा मिळाली की माणूस पुढचे पाऊल आपणच टाकतो, असा माझा अनुभव आहे.

शेवटी वाचकांस एक विनंती. आपल्या गावात, नात्यात, शेजारी कोणाचा संगणक बदलला असेल तर “सवय होईल” म्हणून उठू नका. पाच मिनिटे बसा. त्यांचा हात आधी कोठे जातो ते पाहा, आणि बटन तेथे आणून ठेवा. आणि उठण्यापूर्वी काय बदलले ते त्यांच्या वहीत मराठीत लिहून द्या. कारण ती वही उद्या आणखी कोणाच्या तरी हाती जाणार आहे.